मास्तरांचा डावा डोळा

चष्म्याच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढून गेलं की दोन खोल्या लागत. पहिल्या खोलीत मेणाचा वास, साचे, छोटी शेगडी आणि पॉलिशचं चाक. दुसऱ्या खोलीत मोठी खिडकी, खिडकीपाशी टेबल आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एक रंगवणाऱ्याची, एक रंगवून घेणाऱ्याची. ज्यांचा एक डोळा आजाराने किंवा अपघाताने गेला, अशी माणसं इथे यायची आणि दोन डोळे घेऊन खाली उतरायची. त्यातला एक बघायचा, दुसरा नुसता शोभायचा. पण शोभण्यालाही किंमत असते हो. माणूस पुन्हा मान वर करून चालायला लागतो, हे काय कमी आहे?

हे डोळे करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्याकडे शिकायला आलेली मुलगी आधी बाहुल्यांच्या कारखान्यात होती. दिवसभर बाहुल्यांचे चेहरे रंगवायची. आईवडील नव्हते, आत्याने वाढवलेली. आत्या सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "आधी बाहुल्यांचे डोळे, आता माणसांचे. आमच्या पोरीची बढती झाली."

पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "बाहुलीचे डोळे रंगवताना कुणाकडे बघायचीस?"

"कुणाकडेच नाही. समोर नमुना असायचा."

"इथे नमुना नाही. इथे माणूस असतो." असं म्हणून ते स्वतः जाऊन रंगवून घेणाऱ्याच्या खुर्चीत बसले. "मी सांगेपर्यंत दुसरं काही रंगवायचं नाही. फक्त माझा डावा डोळा."

ही त्यांच्या कामाची रीत होती. ते स्वतःही असंच शिकले होते. शिकवणाऱ्याने खुर्चीत बसायचं, शिकणाऱ्याने त्याच्या डोळ्यात बघून रंगवायचं, पुन्हा पुन्हा, हात बसेपर्यंत. मास्तरांचा डोळा तपकिरी होता, पण तपकिरी म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. बाहुलीभोवती, म्हणजे मधल्या काळ्या ठिपक्याभोवती, जुन्या मधासारखं एक वलय होतं. त्याच्या बाहेर बारीक तंतू, कडेला राखाडी छटा. डोळ्याच्या रंगीत भागाएवढ्या एका चकतीवर रंगाचा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. थर वाळेपर्यंत मास्तर एक चाल गुणगुणायचे. शब्द कधीच नसायचे, नुसती चाल. ती संपली की थर वाळलेला असायचा.

सुरुवातीला ती सारखी विचारायची, "मास्तर, बरोबर आहे का?"

"मला काय विचारतेस? डोळा माझा असला तरी मला तो दिसतो का? तुला दिसतो. विचारायचं तर नेमकं विचार."

ती नेमकं विचारायला शिकली. राखाडी रंग आत येताना पिवळा होतो की विरून जातो? पांढऱ्या भागावर शिरा दाखवायला रेशमाचा लाल धागा चिकटवतात, तो उलगडून किती बारीक करायचा? असं विचारलं की मास्तर खुलायचे. जेवण थंड होईपर्यंत बोलत राहायचे. चूक झाली की त्यांना दिसायच्या आत आपण सांगायची, हेही ती शिकली. एकदा घाईत तिने एक वाटी, म्हणजे डोळ्याचं पांढरं कवच, जास्त तापवली आणि ती आतून फुगली. "मास्तर, वाटी पोळली," ती दारातच म्हणाली. ते म्हणाले, "वाटी दुसरी होईल. तू लपवायला लागलीस तर मात्र सगळंच बिघडेल." उलट तेही आपलं काम तिच्यापुढे ठेवायचे. "सांग, कुठे चुकलंय." आणि तिने भीत भीत चूक दाखवली की टेबलावर थाप मारून हसायचे.

खालचा चष्मेवाला तिला जिन्यात चिडवायचा, "काय डोळेवाल्या बाई, आज कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकलीत?"

"तुमच्याच. तुमच्या काचा पुसून ठेवा."

असे दिवस छान चालले होते. एके दिवशी मास्तर म्हणाले, "हात बसला. आता गिऱ्हाइकाचा कर."

पहिला आला बेकरीवाला. भट्टीतली ठिणगी उडून त्याचा डावा डोळा गेला होता. तिने त्याचा शाबूत उजवा डोळा समोर ठेवून डावा रंगवला. हिरवट करडा, कडेला गडद. मास्तरांनी खिडकीपाशी धरून पाहिला आणि नुसती मान हलवली. बेकरीवाला आरशात बघून रडला, मग आपल्या रडण्यावर हसला आणि पावाची टोपली ठेवून गेला.

थोड्या दिवसांनी त्याची आई जिना चढून आली. धाप लागलेली, पण बोलायचं थांबवत नव्हती.

"रंगात खोट नाही हो. शेजारचे विचारतात, गेलेला कुठला? पण माझं ऐक, पोरी. तो डोळा माझ्या लेकाचा नाही."

"म्हणजे?"

"माझा लेक माझ्याकडे बघतो ते कसं, आता काय खायला देतेस, असं. तो नवा डोळा बघतो तो, मी काहीतरी विचारीन म्हणून वाट बघत असल्यासारखा. शांतपणे. आणि जरा मिश्कील. मी भाकरी थापायला बसले तरी पाठीवर तेच."

मुलगी हसली. माणसाला नव्या डोळ्याची सवय व्हायला वेळ लागतो, असं तिने समजावलं. आई जिना उतरून गेली. पण पुढच्या गिऱ्हाइकाचा नवरा आला आणि जवळजवळ तेच म्हणाला. "डोळा उत्तम. पण घरात कुणीतरी तिसरं आल्यासारखं वाटतं."

त्या दुपारी तिने पॉलिश केलेले डोळे फडक्यावर ओळीने ठेवले होते. एक काळाभोर, एक घारा, एक मधाळ. तीन निरनिराळ्या माणसांचे. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी खिळे ठोकत होतं. ती हात पुसत वळली आणि जागीच थांबली.

तिन्ही डोळे तिच्याकडे बघत होते. यात नवल नाही, डोळे कुणाकडे तरी तोंड करून असणारच. पण त्यांना पापण्या नव्हत्या, भुवया नव्हत्या, चेहरा नव्हता, तरी त्या बघण्यात ओळखीचं काहीतरी होतं. थोडा धीर, थोडी थट्टा. 'हं, विचार. पण नेमकं विचार.' तिने डोळ्यांवर फडकं टाकलं. फडक्याखालून ते बघताहेत हे तिला पाठ फिरवल्यावरही कळत होतं.

मास्तरांच्या बायकोला ती काकू म्हणे. काकू पलीकडच्या इमारतीत राहायच्या आणि रोज चहा घेऊन यायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"तुला एक विचारू? खुळी म्हणशील."

"विचारा ना, काकू."

"हे हल्ली माझ्याकडे एकाच डोळ्याने बघतात."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं धडाधड वाचली. दिसतं गं त्यांना. काल मी डाव्या अंगाला बसले होते. माझ्या बाहीवरचा टाचणीएवढा डाग त्यांना दिसला, झटकूनही दिला. पण मी त्यांना दिसले नाही." काकूंनी रिकामी किटली छातीशी धरली. "इतकी वर्षं ज्या नजरेत राहिले, त्या घराची एक बाजू कुणीतरी बंद केल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मास्तर खुर्चीत बसले. ती म्हणाली, "उजवा झाका."

त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला. ती वाकून बघू लागली. बाहुली उजेडाने आकसत होती. डोळा ओलसर होता, निरोगी होता. मधाचं वलय जागच्या जागी, तंतू जागच्या जागी, कडेची राखाडी जागच्या जागी. सगळं इतकं बरोबर होतं की तिने स्वतः केल्यासारखं वाटावं. आणि ते खरंच तिने केल्यासारखंच होतं. दिवे लावून सगळी माणसं कुठेतरी निघून गेलेल्या घरासारखा तो डोळा होता.

"मास्तर," ती म्हणाली, "आत कोणी नाहीये."

त्यांनी उजव्यावरचा हात काढला. त्या एका डोळ्यात मात्र ते होते, सगळेच्या सगळे. "तुझ्या लक्षात केव्हा येतंय, याचीच वाट बघत होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला जिने शिकवलं ती बाई होती. आम्ही बाईच म्हणायचो. आधी तिचा डावा शिकलो, मग उजवा. हात असा तयार झाला की लोक लांबून येत. आणि बाई याच खिडकीत बसून असायची. डोळे उघडे, स्वच्छ. पक्षी उडाला की मान वळायची. दिसायचं सगळं. बघत मात्र नव्हती." ते शांतपणे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होते. "हे काम असंच एकाकडून दुसऱ्याकडे जातं. जे रंगवतेस ते तुझ्या हातात उतरतं, म्हणजे कुठून तरी जाणारच ना? तुझ्या हातात अजून माझा डावाच आहे, म्हणून तो सगळ्यांच्या डोळ्यांत उतरतो. उजवाही आला की हात पुरा होईल. उद्यापासून उजवा घेऊ."

"आणि काकूंकडे कोण बघणार?"

मास्तरांनी टेबलावरची चकती उगाच इकडून तिकडे सरकवली.

"त्यांना विचारलंत?"

"तिला मी पुष्कळ पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंय हो. त्यांनी काय करायचं? रिकाम्या खिडकीसमोर चहा ठेवायचा?"

मास्तरांनी चाल गुणगुणायला सुरुवात केली, पण ती मध्येच तुटली. तिने ब्रश धुतले, पिशवी उचलली आणि जिना उतरली. चष्मेवाला काहीतरी थट्टेचं बोलला. तिच्या कानावर ते पडलंच नाही.

घरी आत्या शेंगा सोलत बसली होती. मुलगी म्हणाली, "मी परत बाहुल्यांकडे जाते."

"का? मास्तर ओरडले?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं." मग तिने सगळं सांगितलं. आत्याने मध्ये एकदाही 'अगं बाई' म्हटलं नाही, म्हणजे ती नीट ऐकत होती.

"तू सोडून गेलीस तर त्यांचं गेलेलं परत येईल?"

"नाही."

"मग जाऊन उपयोग काय? एवढं घेतलंस आणि पाठ फिरवलीस, तर त्याला चोरी म्हणतात." आत्याने शेंगांचं पातेलं बाजूला सरकवलं. "मला तुमच्या कामातलं काही कळत नाही. पण मी तुला वाढवली, तेव्हा तूही मला थोडं वाढवलंसच की. नाहीतर मी काय होते? एक चिडकी बाई. तुमच्यात नुसतं द्यायचंच असतं का? परत घ्यायची काही सोय आहे की नाही?"

मुलगी आत्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी उलटं बसलंच नव्हतं. तशी रीतच नव्हती.

सकाळी मास्तर आले तेव्हा ती रंगवून घेणाऱ्याच्या खुर्चीत बसली होती.

"ऊठ. ती जागा माझी."

"आज माझी. तुम्ही तिकडे बसा. माझा डावा डोळा रंगवा."

"काहीतरीच. शिकवणारा शिकणाऱ्याचा डोळा रंगवत नसतो."

"का नसतो?"

 इतके नेमके प्रश्न विचारायला मास्तरांनीच शिकवलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार?

"तुझं गेलं तर?" ते हळू आवाजात म्हणाले. "तू तरुण आहेस. तुझ्याकडे बघायला अजून कितीतरी आहे."

"गेलं तर तुमच्याकडेच जाईल ना? लांब कुठे जाणार नाही. बसा, मास्तर. ऊन निघून जाईल."

ते बसले. त्यांनी ब्रश उचलला आणि चकतीला टेकताच हात आपोआप चालू लागला. जुन्या सवयीचा हात तो. ते बघू लागले, आधी उजव्या डोळ्याने, मान तिरकी करून. तिला काहीच जाणवत नव्हतं. मग दुसरा थर सुरू झाला आणि तिला वाटलं, शेजारच्या खोलीचं दार कुणीतरी अलगद उघडलंय. वारा नव्हता, आवाज नव्हता, फक्त कपाळाच्या डाव्या बाजूला गार गार लागत होतं. मास्तर चाल गुणगुणत होते. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आवाज मास्तरांचा नाही, तिचाच आहे. ती चाल तिने कधी म्हटली नव्हती. तरी पुढचं वळण तिला आधीच माहीत होतं.

ऊन टेबलाच्या कडेवर गेलं तेव्हा मास्तरांनी ब्रश खाली ठेवला.

"झालं," म्हणून त्यांनी मान वर केली.

त्यांचा डावा डोळा भरलेला होता. तिथून कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. पण ते मास्तर नव्हते. ते बघणं थोडं घाबरलेलं होतं, थोडं हट्टी, आणि 'बरोबर आहे का?' असं सारखं विचारणारं. तिने असं बघताना कुणाला पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं, कारण ते बघणं तिचं स्वतःचं होतं. आपण जगाकडे कसे बघतो हे आरशातही कधी दिसत नाही. ते आता समोर बसून तिच्याकडे बघत होतं.

"मी अशी बघते?"

"रोज," मास्तर म्हणाले. "म्हणून तर तुला कधी रागावता आलं नाही."

दोघंही हसले. आणि हसू संपल्यावर, कोण आधी थांबलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग ते आलटून पालटून बसू लागले. एक दिवस ते, एक दिवस ती. डावा झाला, उजवाही झाला. कुणाचं किती कुठे गेलं याचा हिशेब दोघांनीही सोडून दिला. हळूहळू तिला आपल्या हातात एक नवल जाणवू लागलं. ब्रश धरला की हातात कुणीच नसायचं. मास्तर नाहीत, ती नाही. धुतलेल्या भांड्यासारखा रिकामा हात. मास्तर म्हणाले, "आता समोरच्याला त्यात जागा आहे."

बेकरीवाल्याला तिने पुन्हा बोलावलं. नवा डोळा बसवला आणि आईला खोलीत घेतलं. आई लेकासमोर उभी राहिली, त्याची हनुवटी धरून बघत राहिली. मग एकदम कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आल्या आल्या खायला मागतोय, मेला!" आणि डोळे टिपत खाली उतरली. जिन्यात तिने चष्मेवाल्यालाही दोन शब्द ऐकवले, का ते देव जाणे.

दोघं पुन्हा टेबलापाशी बसले. कोण कुठल्या खुर्चीत बसलं याकडे आता त्यांचं लक्षही नसायचं. तेवढ्यात किटली घेऊन काकू दारात आल्या. उंबऱ्यावर थांबल्या. त्यांची नजर एकीकडून दुसरीकडे गेली, परत आली. मग त्या आत आल्या, पहिला कप त्यांनी मुलीपुढे ठेवला आणि अगदी सहज, घरी रोज म्हणत असतील तशा म्हणाल्या, "अहो, घ्या. गार होतोय."

मुलीने कप जवळ ओढला.

दुसरा कप त्यांनी मास्तरांपुढे ठेवला. त्यांच्या विरळ केसांवरून हात फिरवत त्या मायेने म्हणाल्या, "आणि तू गं? सकाळपासून काही खाल्लंस का नाही?"

मास्तरांनी घाबरल्यासारखी मान खाली घातली आणि नकारार्थी हलवली.

मुलीने काकूंकडे पाहिलं. खिडकीतलं सगळं ऊन काकूंच्या अंगावर होतं. त्यांचे केस काळेभोर होते, दाट, एका बाजूने सुटलेले. गालावर एक खळी होती, जी मुलीने कधीच पाहिली नव्हती, पण तिच्या डोळ्यांतल्या मास्तरांनी पाहिली होती. हातात हीच किटली, नवी, लखलखीत. याच दारात त्या पहिल्यांदा उभ्या होत्या आणि आत येऊ की नको, असं विचारत होत्या.

"या ना," मुलगी म्हणाली. "आत या. किती वेळ उभ्या राहणार?"

काकूंनी किटली खाली ठेवली. त्यांच्या गालावर खळी पडली आणि ती बराच वेळ तशीच राहिली.